धुतलेलं जाकीट

सरांनी जाकीट हातात धरलंच नाही. रायफलची नळी साफ करायची लांब सळई असते, तिच्या टोकाला अडकवून वर केलं, सगळ्यांना दिसेल असं. आमच्या रायफल क्लबची रविवारची बॅच होती. अकरा मुलं, मागे भिंतीला त्यांचे आईबाप. मी टारगेटचे कागद लावून परत येत होती, मधेच थांबली.

"हे कोणाचं काम आहे?" सर बोलले.

तन्वी नाकाला रुमाल लावून उभी होती. तिचं स्वतःचं जाकीट यायचं होतं म्हणून त्या दिवशी क्लबचं दिलेलं, ते तिने अंगात घातलं आणि लगेच काढून टाकलं. तिची आई पुढे आली. साहेबांची बायको, डहाणूला सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. तिने वाकून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"शी, आंबलंय हे. सर, हे आमच्या मुलांनी अंगावर घालायचं?"

"या आठवड्यात कोणी घातलं होतं?" सरांनी विचारलं.

सगळ्यांनी रंजूकडे बघितलं. रंजू आमच्याकडची पोर, तलासरीच्या बाजूला माझं माहेर आहे त्याच्या बाजूच्या पाड्यावरची, चौदा वर्षांची. मीच आणलेली, मीच शिकवत होती. बुधवारी आणि शनिवारी तिनेच घातलं होतं. ते खरं होतं.

"अंघोळ करतेस का रोज?" सरांनी विचारलं. ओरडून नाही. हजेरी घेतात तसं.

"करते सर."

"मग हे काय?"

तन्वीची आई बोलली, "जाऊ द्या सर, तिची चूक नाही. त्यांच्यात सवयच नसते. पण मग आपल्या मुलांचं सामान तरी वेगळं ठेवा ना."

मागून कोणीतरी हसलं. एक बाप बोलला, "फिनेलमध्ये बुडवा." मग अजून दोघं हसले.

सर माझ्याकडे वळले. "तू शिकवतेस ना हिला? तू सांग. हिनेच घाण केलंय ना?"

मी काय बोलली ते पहिलं सांगून टाकते. नाहीतर बाकीचं सांगता सांगता मी स्वतःला चांगली करून घेईन, मला माहीत आहे माझं. मी बोलली, "बघते सर." एवढंच. बघते सर. नाही पण नाही, हो पण नाही. आणि कागदाचे तुकडे उचलायला खाली वाकली, म्हणजे रंजूचं तोंड दिसायला नको.

तो वास माझ्या दुधाचा होता.

आता पहिल्यापासून सांगते. दोन हजार चौदाला मी आश्रमशाळेत नववीला होती, शाळेत उशिरा घातलेली म्हणून सोळा वर्षांची. सर आले, सोबत एक लाकडी रायफल, खोटी, पण खऱ्या एवढी जड. पोरींना एकेक करून उभं केलं, रायफल खांद्याला लावायला सांगितली आणि नळीवर एक रुपया ठेवला. रुपया पडेपर्यंत उभं राहायचं. सगळ्यांचा पडला. माझा पडेना. सर चहा पिऊन आले तरी मी उभी. ते बोलले, "ही पोरगी आहे की खांब?" सगळ्या पोरी हसल्या आणि मी पण हसली तेव्हा रुपया पडला.

तेव्हापासून खांब. आशागडच्या पुढे चिकूच्या वाडीत त्यांची पत्र्याची शेड आहे, तिथे दहा मीटरची रेंज. शाळा सुटली की तिकडे. दोन हजार पंधराला मी जिल्ह्यात पहिली, सोळाला राज्यात पहिली. शेडच्या दारात माझा मोठा फोटो लावला, मेडल गळ्यात, सरांचा हात डोक्यावर. मला वाटलं, झालं. आपण सुटलो.

दहावीला गणित आणि इंग्रजी गेलं. परीक्षेच्या आधी कॅम्प होता ना. सर बोलले, "काय करायचंय दहावी, तू आता शिकव. तू कोच." मला तो शब्द केवढा वाटला. घरी येऊन आईला सांगितलं, मी कोच झाली. आई बोलली, म्हणजे काय असतं? मी बोलली, बाई असते शाळेत तशी.

म्हणजे काय असतं ते मला पण नंतर कळलं. सकाळी शेड उघडायची, झाडू मारायचा, टारगेट लावायचे, चहा ठेवायचा, मग शिकवायचं. नवीन आईबाप आले की सर बोलायचे, "ही आमची चॅम्पियन कोच." ते खुश व्हायचे. पाच मिनिटांनी सर बोलायचे, "ए, चार कप." स्पर्धेच्या फॉर्मवर कोचच्या जागी सरांचं नाव. पोरं मी शिकवलेली, नाव सरांचं. मी कधी विचारलं नाही. खरं सांगते, मला राग पण नाही आला. मला वाटायचं आपल्याला आत येऊ देतात हेच खूप आहे.

दोन हजार सतराला लग्न झालं. हे तारापूरला कंपनीत, शिफ्टची नोकरी. घर आशागडलाच, म्हणून सासूने शेडवर जायला नाही बोलली नाही. पुढच्या वर्षी मुलगी झाली. ती तीन महिन्यांची झाली तेव्हा मी परत जायला लागली, बाळ सासूकडे, मधे पळत जाऊन पाजून यायची.

आणि त्याच वेळी जिल्ह्याची स्पर्धा आली. क्लबच्या तीन बायकांच्या टीममधली एक आजारी पडली. सर बोलले, "तू उभी राहा. तुला काय, तू खांब." मी बोलली, सर माझी प्रॅक्टिस नाही, बाळ लहान आहे. ते बोलले, "बाळ काय रायफल धरणार आहे?"

मला नाही बोलता येत नव्हतं तेव्हा. अजून पण नीट येत नाही.

ह्या जाकिटाबद्दल सांगायला पाहिजे. ते साधं जाकीट नसतं. जाड कॅनव्हास आणि चामडं, एवढं कडक की जमिनीवर ठेवलं तर एकटं उभं राहतं. ते अंगाला घट्ट लागतं, पाठीला धरून ठेवतं, म्हणून रायफल हलत नाही. बाहेरच्या देशातून येतं. पैसेवाल्या मुलांचं स्वतःचं असतं, मापाचं. क्लबची दोन होती, एक मोठं आणि एक बारीक. बारीक वाल्यात मी चॅम्पियन झाली होती, आणि आता तेच रंजू घालायची. स्पर्धेच्या दिवशी त्याची बटणं मला लागेनात. छाती भरलेली होती. पोट आत ओढून, श्वास सोडून लावली.

आधी बायकांना चाळीस गोळ्या असायच्या. त्या साली साठ झाल्या. सव्वा तास, वरून आधीची तयारी. उभी राहण्याआधी मी बाळाला पाजलं, पण ती झोपेत होती, थोडंच प्यायली. सासू तिला घेऊन हॉलच्या बाहेर बसली.

उभं राहून रायफल धरताना डावा हात छातीच्या बाजूला टेकवायचा असतो, कोपर बरगडीवर. सगळा भार तिथे. विसाव्या गोळीला मला तिथे गरम लागलं. मी ओळखलं काय झालंय. बाहेर कुठलं तरी बाळ रडत होतं, माझं होतं की दुसऱ्याचं माहीत नाही, पण अंगाला ते कळत नाही ना. दूध यायला लागलं ते थांबेचना. आतला टीशर्ट भिजला, मग जाकीट. दर वेळी रायफल उचलायची आणि तो हात परत तिथेच दाबायचा.

गोळ्या मारायच्या लाइनीवर काही झालं तर रायफल खाली ठेवून हात वर करायचा, ऑफिसर येतो, त्याला सांगायचं. हे मीच मुलांना शिकवते. मी हात वर नाही केला. तो पुरुष होता, मिशीवाला, आमच्या गावच्या तलाठ्यासारखा दिसायचा. त्याला काय सांगू? बाजूच्या लाइनीवर कॉलेजच्या पोरी. मी चाळीस गोळ्या अजून मारल्या. तशाच. ओली. डोळ्यातून पाणी येत होतं आणि रायफलच्या मागच्या छिद्रातून टारगेट दोन-दोन दिसत होतं, तरी टीमला तिसरा नंबर आला. सर खुश झाले. बोलले, "बघ, उगाच घाबरत होतीस."

मी जाकीट काढलं नाही. सगळे गेले तरी अंगावर. मग बाथरूममध्ये जाऊन काढलं, बॅगेत कोंबलं आणि सरांना बोलली, मी पुसून आणते. खरं तर तेव्हाच सांगायचं होतं. सर, दूध लागलंय. तीन शब्द आहेत. अठरा वर्षांची असताना मी अख्ख्या राज्याला हरवलं होतं, आणि हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बोरिंगवर गेली. पावडर घेतली, दगड घेतला. सासू मागून आली, बोलली, "अगं चामड्याला पाणी लावतात का? उन्हात टाक नुसतं."

"वास येतोय."

"मग येऊ दे की. दुधाची कसली लाज? तुझ्या सरांना काय बाटलीवर वाढवलंय?"

मी ऐकलं नाही. आमच्यात काही पण घाण झालं की धुवायचं. पाणी आणि दगड, दुसरं काय माहीत आहे आम्हाला. मी घासलं, आपटलं, पिळलं, मग सासूने पण हात लावला, दोघींनी दोन टोकं धरून पिळलं. मग पत्र्यावर टाकलं. उन्हाचे दिवस. संध्याकाळी बघितलं तर ते जाकीट राहिलंच नव्हतं. कॅनव्हास बनियनसारखा लुळा आणि चामडं वाळलेल्या बोंबलासारखं वाकडं. आणि वास गेलाच नाही. आतल्या अस्तरात बसलेला, आता आंबट झालेला. मी ते तसंच नेलं आणि खुंटीला लावलं. कोणी नसताना. चोरासारखं.

बुधवारी रंजूने ते घातलं. बटणं लावली. मी तिच्या समोर उभी होती. ती एकदा थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि रायफल उचलली.

आणि मग तो रविवार आला, जो मी वर सांगितला.

त्या दिवशी सरांनी रंजूला बोलावून सांगितलं की थोडे दिवस येऊ नको. राज्याच्या स्पर्धेला तिचं नाव जाणार होतं, ते काढलं. तिच्या जागी तन्वी. माझ्यासमोर पेनाने रेघ मारली. रंजू तिच्यापेक्षा खूप पुढे होती, माझ्यापेक्षा पण पुढे गेली असती. मी तिला तलासरीच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटेपर्यंत उभी राहिली. तेवढ्या वेळात पण नाही बोलली.

तीन आठवडे. तीन आठवडे मी रोज शेड उघडली, झाडू मारला, तन्वीला शिकवलं. श्वास सोड, थांब, मग बोट. मला कोणी काही विचारलं नाही. सगळं नीट चाललं होतं. बाळाला पाजायला घेतलं की मात्र मला घाम यायचा. ती प्यायची आणि माझ्याकडे बघायची, आणि मी तिच्या तोंडावर पदर टाकायची.

शेवटी एका गुरुवारी बाळाला कमरेला घेतलं आणि गेली रंजूच्या पाड्यावर. तिची आई अंगणात लाकडं फोडत होती. मला बघितलं तरी कोयता थांबला नाही.

"पोर नेताना तू बोललेली ना, मी हाय," ती बोलली. "बोललेली की नाय? मी हाय, काय पण होनार नाय."

"बोललेली."

"मंग?"

मी तिथेच मातीत बसली. बोलली, वहिनी, ते दूध माझं होतं. जाकीट मी धुतलं. रंजूने काही नाही केलं. सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसली.

तिने कोयता ठेवला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती नुसती बघत राहिली माझ्या बाळाकडे. रंजू दारात आली. ती बोलली, "मला माहीत होता, ताई. आमच्यात पण भाऊ लहान हाय. दुधाचा वास मला कळतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल, असा वाटला."

परत येताना गाडीत माझ्या कानात तेच. तुमी बोलाल, असा वाटला. चौदा वर्षांची पोर सगळ्यांसमोर शिव्या खात उभी राहिली आणि माझी वाट बघत होती. मी वाकून कागद गोळा करत होती.

रविवारी बॅच सुरू व्हायच्या आधी सरांच्या खोलीत गेली. बोलली, सर, जाकीट मी खराब केलं. स्पर्धेत दूध लागलं. मी धुतलं. रंजूचं नाव परत लावा.

सर फोनमध्ये बघत होते. वर न बघता बोलले, "माहीत आहे मला."

मला कळेचना. "काय माहीत आहे?"

"दोन पोरांचा बाप आहे मी. तो वास काय मला कळत नाही?" मग फोन ठेवला आणि समजावल्यासारखं बोलले, "हे बघ, तुला वाचवलं मी. बाहेर जे उभे आहेत ना, त्यांना कळलं की कोच अशी आहे, तर उद्या मुलं काढतील. कोचचं नाव गेलं तर क्लबचं जातं. त्या पोरीचं काय. तिला कुठे नाव आहे?"

सरांनी परत फोन उचलला.

"जा आता. आणि चहाचं बघ."

तेवढ्यात माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं मी त्यांच्यातली झाली. दारात फोटो आहे ना माझा. आणि तेव्हा दिसलं, तो फोटो कशाला आहे. रंजूला हाकलायला मी लागत होती. त्यांना नुसतं माझं तोंड बंद पाहिजे होतं, बाकी सगळं ते करणार. तिला कुठे नाव आहे. मला तरी कुठे होतं, चौदा साली? अजून तरी कुठे आहे?

मी चहाचं नाही बघितलं. बाहेर आली. सगळे होते, मुलं जाकिटं घालत होती. मी लाइनीच्या पुढे जाऊन उभी राहिली, जिथे उभं राहायचं नसतं. आवाज फाटला माझा. बोलली, "ऐका. त्या जाकिटाला वास होता तो माझ्या दुधाचा होता. मला लहान मुलगी आहे. स्पर्धेत उभी होती तेव्हा दूध आलं. जाकीट मी धुवून खराब केलं. रंजू रोज अंघोळ करते. सरांना हे आधीपासून माहीत होतं. मला पण माहीत होतं. आम्ही दोघांनी तिला हाकललं."

तन्वीची आई बोलली, "अहो मुलांसमोर काय बोलता हे?" एका बापाने मान खाली घातली. बाकीचे सरांकडे बघत होते, आता हे काय करतात. कोणी असं नाही बोललं की मग त्या पोरीला बोलवा. एकाने पण नाही.

सर दारात आले. "चावी ठेव," एवढंच बोलले.

चावी कमरेला होती. काढायला वेळ लागला. टेबलावर ठेवली आणि आली. त्या आठवड्यात फोटो पण काढला म्हणे.

ह्यांनी विचारलं, कशाला सांगायचं होतं, चाललं होतं ना नीट? चाललं होतं नीट, तेच तर.

रंजू राज्याच्या स्पर्धेला गेली नाही. फॉर्मची तारीख निघून गेली होती. मी एवढं बोलून पण तिला काही मिळालं नाही, हे कोणी विसरू नये, मी तर नाहीच. ती आता दहावीला आहे. रायफलचं नाव काढलं की उठून जाते. मला ताई बोलत नाही. काहीच बोलत नाही.

दोन हजार एकोणीस आहे हे. मी सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून दहावी. कोचच्या कागदाला दहावी लागते. पालघरच्या बाजूला दुसरी रेंज आहे, तिथल्या मॅडम बोलल्या, कागद आण, मग पोरी आण. बाळाला झोळीत हलवत मी इंग्रजीची स्पेलिंग पाठ करते, दुसऱ्या दिवशी विसरते. भीती वाटते. परत नापास होईन, परत कोणी आवाज चढवला की माझी मान खाली जाईल. माझी मान पटकन खाली जाते, सवय आहे तिला.

पाड्यावर परत गेली तेव्हा चार पोरी गोळा झाल्या, शिकवा बोलल्या. रंजूच्या आईने सगळ्यांसमोर विचारलं, "आता कोनाची पोर नेशील तू? कोन देईल तुला?"

मी बोलली, वहिनी, मला कोणी पोर देऊ नका. माझ्यावर भरवसा ठेवू नका. जिची आई सोबत येईल तीच पोर मी नेणार. एकटी नाही नेणार, एकीला पण नाही. आया येतील, कामाचा दिवस मोडून येतील, पोरीच्या मागे बसतील, कोण काय बोलतं ते ऐकतील. आणि मी परत कधी गप्प बसली, तर तुम्ही तिथेच उठायचं आणि मला विचारायचं. सगळ्यांसमोर. मला सोडायचं नाही.